पट्ट्या काढायला टेबल सॉ घेताय? आधी फेन्स बघा, मोटर नंतर

प्लायचं कपाट कितीही नीट जोडलं तरी त्याची उघडी कड झाकेपर्यंत ते अर्धवटच दिसतं. कडेला सागवानाची किंवा बीचची दोन सूत, म्हणजे साधारण ६ मिमी जाडीची लिपिंग लागते, काचेच्या दाराला आतून बीडिंग लागतं, चौकट आणि प्लास्टर यांच्यामधली फट झाकायला चपटी पट्टी लागते, फरशीला टेकून स्कर्टिंग लागतं. नावं वेगवेगळी असली तरी यंत्राच्या दृष्टीने हे एकच काम आहे. सात-आठ फुटी फळीतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रुंदीची, सरळ पट्टी फाडून काढायची. हातात धरायच्या कटरने ते धड होत नाही, जिगसॉने तर नाहीच. टेबल सॉने होतं, कारण तिथे ब्लेड जागेवर फिरतं आणि लाकूड एका सरळ आधाराला घासत पुढे जातं.

अडचण खरेदीच्या वेळी येते. दुकानात किंवा ऑनलाइन यादीत आधी डोळ्यांत भरतात ते दोन आकडे: किती वॅट आणि किती इंची ब्लेड. बजेट कमी असलं की माणूस त्या दोन आकड्यांवर पैसे लावतो आणि बाकीचं सगळं स्वस्तातलं घेतो. पट्टीकामासाठी हे अगदी उलटं आहे, असं माझं ठाम मत आहे. या कामाला ताकद फारशी लागत नाही. लागते ती हलणार नाही अशी फेन्स (लाकूड जिला टेकवून ढकलतात तो सरळ आधार), ब्लेडमागची रिव्हिंग नाइफ (कापलेली फट मिटू न देणारं पातं) आणि नीट स्विच. या तीन गोष्टी चांगल्या असतील तर छोटं, कमी ताकदीचं यंत्रही सुरेख पट्ट्या काढतं. त्या वाईट असतील तर २००० वॅटचं यंत्रसुद्धा नुसतं जास्त जोरात चुकतं.

मुळात टेबल सॉ लागतो का?

हा प्रश्न आधी सोडवलेला बरा, कारण उत्तर बऱ्याचदा "नाही" असं येतं. तुम्ही तयार पट्ट्या (मोल्डिंग) विकत आणून फक्त कोपऱ्याला ४५ अंशांत कापून बसवणार असाल, तर तुम्हाला माइटर सॉ हवा. तो वरून खाली येतो आणि लाकूड जागेवर स्थिर राहतं, त्यामुळे आडवे आणि तिरके काप त्याच्यावर सुरक्षितही होतात आणि अचूकही. बहुधा तो टेबल सॉपेक्षा स्वस्तही पडतो. टेबल सॉवर आठ फुटी पट्टीचं टोक ४५ अंशांत कापायचं म्हणजे सगळी लांबी हवेत लोंबकळत सांभाळायची. ते कुणी हौसेने करू नये.

एकाच घराचं, एकदाच काम असेल तर लाकडाच्या वखारीत जा. लाकूड तिथेच घेतलंत तर पट्ट्या फाडून आणि रंधा मारून मिळतात. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये हे रोजचं काम आहे. मापं लिहून न्या, दोन-तीन पट्ट्या जास्तीच्या काढून घ्या, संपलं.

टेबल सॉ घ्यावा तो पट्ट्या वारंवार लागत असतील तर. घरोघरी जाऊन फर्निचरची कामं घेणारे, किंवा सुटीच्या दिवशी स्वतःच्या घरात एकेक वस्तू करत जाणारे हौशी लोक. त्यांना पट्टी अर्ध्या मिलीमीटरने कमी करावी लागते, जागेवर बसवून बघावी लागते, पुन्हा कापावी लागते. प्रत्येक वेळी वखार गाठणं शक्य नसतं.

ताकदीचा हिशेब

पट्टीकामात लाकूड किती जाड असतं? प्लाय पाऊण इंची, फळी पाऊण ते एक इंची, फार तर दीड. ८ १/४ इंची, म्हणजे २१० मिमी ब्लेडचा डिवॉल्ट डीडब्ल्यूई ७४८५ सरळ कापात सुमारे ६५ मिमी खोल जातो. १० इंची, २५४ मिमी ब्लेडचा बॉश जीटीएस १० जे जातो ७९ मिमी. म्हणजे लहान यंत्रसुद्धा आपल्या गरजेपेक्षा बरंच जास्त खोल कापतं. १० इंची यंत्राचा खरा फायदा चौकटीचे जाड दांडे फाडताना मिळतो, आणि ते पट्टीकाम नव्हे. लहान यंत्र वजनाला हलकं असतं, ब्लेड स्वस्त असतं आणि जिन्यातून वर न्यायला एक माणूस पुरतो. डीडब्ल्यूई ७४८५ साधारण २२ किलोचा आहे, जीटीएस १० जे २६ किलोचा. चार किलोंचा फरक तिसऱ्या मजल्यावर चांगलाच जाणवतो.

रुंदीच्या क्षमतेचंही तसंच. फेन्स ब्लेडपासून किती लांब जाते, हा आकडा जाहिरातीत मोठा करून छापतात. ६०० मिमीपेक्षा जास्त क्षमता प्लायचे पत्रे फाडायला हवी. स्कर्टिंगची पट्टी जास्तीत जास्त चार-पाच इंची. ३०० मिमी मिळाली तरी पट्टीकामाचं काही अडत नाही.

विजेचं मात्र लक्षात ठेवा. १८०० वॅटचं यंत्र २३० व्होल्टला सुमारे ८ अँपिअर घेतं, आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बरंच जास्त. घरातल्या ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटचं हे काम नाही. गीझर किंवा एसीचं १६ अँपिअरचं सॉकेट शोधा. एक्स्टेन्शन घ्यायचंच असेल तर २.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचं घ्या आणि वापरताना पूर्ण उलगडा. गुंडाळलेली तार आतल्या आत तापते. बारीक, लांब तारेवर व्होल्टेज पडतं, ब्लेड मंदावतं, लाकूड करपतं आणि आपण दोष ब्लेडला देत बसतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवायचा मोह अनेकांना होतो. तिथली यंत्रं १२० व्होल्टची असतात. इथे चालवायची तर दोन-अडीच हजार व्हीएचा जड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर सतत बरोबर वागवावा लागतो. शिवाय तिथल्या ब्लेडचं मधलं भोक ५/८ इंच, म्हणजे १५.८८ मिमी असतं. आपल्याकडे २५.४ किंवा ३० मिमी भोकाची ब्लेडं सर्रास मिळतात. एका ब्लेडसाठी दारोदार फिरायची वेळ येते, वॉरंटीही इथे चालत नाही. नकोच.

फेन्स: पैसे इथे लावा

फेन्स म्हणजे ब्लेडच्या शेजारी उभी असलेली ती सरळ पट्टी, जिला टेकवून लाकूड पुढे ढकलतात. बरेच मिस्त्री तिला गाइड म्हणतात. पट्टीची रुंदी म्हणजे ब्लेड आणि फेन्स यांच्यातलं अंतर, दुसरं काही नाही. म्हणून फेन्स जितकी चोख, तितकीच पट्टी चोख.

ती दोन प्रकारे फसवते. पहिला प्रकार, ब्लेडशी समांतर न बसणं. फेन्सचं मागचं टोक ब्लेडच्या बाजूला अर्धा मिलीमीटर जरी झुकलं असेल, तर लाकूड पुढे जाताना फेन्स आणि ब्लेडच्या मागच्या दातांमध्ये आवळलं जातं. पट्टीच्या कडेवर काळपट करपलेले डाग दिसतात, ढकलायला जोर लागतो आणि लाकूड मागे फेकलं जाण्याचा धोका तयार होतो. उलट बाजूला, म्हणजे ब्लेडपासून लांब झुकली असेल तर लाकूड फेन्सला सोडून जाऊ पाहतं आणि कडेवर दातांच्या रेघा उमटतात. यातली पहिली चूक घातक, दुसरी नुसती कुरूप. म्हणून फेन्स समांतर लावताना शंका आलीच तर मागचं टोक केसभर बाहेर असलेलं चालतं, केसभरही आत चालत नाही.

दुसरा प्रकार जास्त लबाड आहे. फेन्स समांतर बसते, कुलूपही लागतं, पण लाकडाच्या दाबाने काप चालू असताना मागचं टोक सरकतं. पहिल्या फुटाला पट्टी १२ मिमी, शेवटच्या फुटाला १३. टेबलावर ठेवून बघितली तर लक्षातही येत नाही. चौकटीवर बसवल्यावर वरच्या कोपऱ्यात जोड उघडा पडतो, तेव्हा कळतं.

दुकानात हे पाच मिनिटांत तपासता येतं, आणि ती पाच मिनिटं मागायला संकोच करू नका. यंत्र विजेला जोडलेलं नसताना ब्लेड पूर्ण वर घ्या. फेन्स ब्लेडपासून दोन इंचांवर आणा आणि खिटी दाबून घट्ट करा. आता मागच्या टोकाला अंगठ्याने बाजूला दाब द्या, लाकूड ढकलताना हात जेवढा दाब देतो तेवढाच. ते टोक हललं तर यंत्र परत ठेवा, किंमत विचारूसुद्धा नका. हललं नाही तर ब्लेडच्या एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून त्याच्यापासून फेन्सपर्यंतचं अंतर मोजा. मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि तिथलं अंतर मोजा. एकच दात वापरायचा, कारण ब्लेड किंचित वाकडं असलं तरी मग माप बिघडत नाही. पुढचं-मागचं सारखं आलं की फेन्स उचलून काढा, पुन्हा बसवा, पुन्हा मोजा. पाच-सहा वेळा काढघाल करूनही माप तेच आलं तर ती फेन्स विश्वासाची.

स्वस्त यंत्रांत फेन्स फक्त पुढच्या बाजूने पकडते आणि मागे नुसती टेकते. काहींत मागेही पकड असते. हलक्या यंत्रांतली सगळ्यात चांगली सोय म्हणजे दातेरी पट्टीवर सरकणारी फेन्स: पुढे एक गोल मूठ फिरवली की पुढची आणि मागची दोन्ही टोकं एकदम, सारखीच सरकतात. डिवॉल्टच्या यंत्रांत ही रचना आहे आणि जास्तीचे पैसे तिच्यासाठी मोजावेत असं मला वाटतं. अर्धा मिलीमीटर कमी करायचं असेल तर मूठ जरा फिरवायची, बास. साध्या फेन्सवर तेच करायला हलक्या हाताने टिचक्या मारत बसावं लागतं.

फेन्सच्या खालची फटही वाकून बघा. टेबल आणि फेन्स यांच्यात जरा मोठी फट असेल तर एक मिमी जाडीचा सनमायका तिच्याखाली शिरतो आणि काप बिघडतो. उपाय स्वस्त आहे. १८ मिमी एमडीएफची किंवा चांगल्या प्लायची सरळ पट्टी फेन्सला आतून स्क्रूने लावायची, टेबलाला टेकेल अशी. अशी पट्टी लावता यावी म्हणून फेन्सला भोकं किंवा चर आहेत का, हे घेतानाच बघा.

आणि फेन्सच्या शेजारी छापलेल्या पट्टीवरच्या आकड्यांवर कधी विसंबू नका. ब्लेड बदललं की कापाची जाडी बदलते आणि तो आकडा चुकतो. टाकाऊ तुकडा कापा, व्हर्नियरने मोजा, मग फेन्स हलवा. एका मापाच्या लागतील तेवढ्या सगळ्या पट्ट्या एकाच बैठकीत काढा. फेन्स हलवून पुन्हा त्याच मापावर आणायला गेलात तर दोन घाणांत फरक पडतोच.

रिव्हिंग नाइफ आणि मागे उडणारं लाकूड

टेबल सॉच्या ब्लेडचे पुढचे दात खाली जात असतात, म्हणून ते लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दात मात्र वर येत असतात. कापलेलं लाकूड मागे मिटलं किंवा तिरकं होऊन त्या दातांना टेकलं, की ते दात त्याला उचलतात आणि थेट चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. याला किकबॅक म्हणतात. वेग किती? २५४ मिमीचं ब्लेड मिनिटाला ३६५० फेरे घेत असेल तर दाताचा वेग सेकंदाला सुमारे ४८ मीटर, म्हणजे ताशी साधारण १७५ किलोमीटर होतो. २१० मिमीचं ब्लेड ५८०० फेऱ्यांना ताशी २३० किलोमीटरच्या घरात जातं. माणसाची प्रतिक्रिया तिथे पोचतच नाही. लाकूड उडताना बऱ्याचदा हातही ब्लेडकडे ओढला जातो, बोटं जातात ती अशी.

रिव्हिंग नाइफ म्हणजे ब्लेडच्या लगेच मागे उभं असलेलं पोलादी पातं. ते कापलेली फट मिटू देत नाही आणि लाकूड मागच्या दातांना टेकू देत नाही. खरी रिव्हिंग नाइफ ब्लेडबरोबर वर-खाली होते आणि तिरकी होते, त्यामुळे ती काढून ठेवायची वेळ फारशी येत नाही. जुन्या धाटणीच्या यंत्रांत तिच्याऐवजी एका जागी बसवलेला स्प्लिटर असतो. तो अनेक कामांत आडवा येतो, म्हणून लोक काढतात आणि मग परत लावत नाहीत. अमेरिकेत नव्या रचनेच्या टेबल सॉला रिव्हिंग नाइफ हवीच, असं यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेच्या मानकाने २००८ पासून ठरवलं. आपल्याकडेही १९४८च्या कारखाने अधिनियमाखाली राज्यांनी जे नियम केले, त्यांत लाकूडकामाच्या गोल करवतीमागे रिव्हिंग नाइफ लावायची तरतूद होती. घरोघर होणाऱ्या फर्निचरच्या कामापर्यंत मात्र तो विचार कधी पोचलाच नाही.

जुनं सागवान वापरणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. पाडलेल्या वाड्यांची दारं, तुळया, कपाटं यांचं लाकूड देखणं असतं, पण त्यात वर्षानुवर्षांचा ताण अडकलेला असतो. फाडायला घेतलं की ते उघडतं तरी किंवा मिटतं तरी. मिटलं की ब्लेड आवळतं. शिवाय आत मोडलेले खिळे असतात. चांगलं लोहचुंबक फळीवरून सावकाश फिरवा, काळपट डाग दिसेल तिथे टोकरून बघा. पावसाळ्यात आणलेलं ओलं लाकूडही असंच वागतं. ते घरात काही आठवडे आडवं, मध्ये रीपा घालून ठेवा, मगच फाडा.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार तिथे टेबल सॉच्या ब्लेडमुळे होणाऱ्या आणि दवाखान्यात पोचणाऱ्या इजा वर्षाला ३०,००० च्या आसपास आहेत, आणि त्यांतल्या ४,००० पेक्षा जास्त प्रकरणांत अवयव तुटतो. बोट लागताक्षणी काही मिलीसेकंदांत ब्लेड थांबवणारं तंत्र सॉस्टॉप या कंपनीने २००४ पासून विक्रीच्या यंत्रांत आणलं. पण ती यंत्रं आपल्या बजेटच्या बाहेरची आहेत. स्वस्त यंत्रावर आपल्या हातात राहतात त्या रिव्हिंग नाइफ, वरचा पारदर्शक गार्ड आणि पुश स्टिक, म्हणजे लाकूड ढकलायची काठी. त्या खोक्यात ठेवण्यासाठी दिलेल्या नसतात.

इथेच उलट्या कटरबद्दल बोललं पाहिजे. प्लायच्या पत्र्याला चीर पाडून खालून चार इंची कटर उलटा बसवायचा, ट्रिगर दोरीने किंवा चिकटपट्टीने दाबून ठेवायचा, बाजूला रीप ठोकून गाइड करायचं: निम्म्या महाराष्ट्रातल्या साइटवर टेबल सॉ म्हणून हेच वापरतात. मिस्त्री हे का करतो, ते मला समजतं. कटर त्याच्याकडे असतोच, पिशवीत मावतो, बस-रिक्षातून नेता येतो, आणि कसबी हाताने त्याच्यावर पट्ट्याही चांगल्या निघतात. पण मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या ब्लेडमागे रिव्हिंग नाइफ नाही, वर गार्ड नाही, आणि काही बिनसलं तर बंद करायला हात टेबलाखाली घालून चिकटपट्टी सोडवायची. हे यंत्र मी कुणालाही सुचवणार नाही. कामाला मुलं ठेवणाऱ्या ठेकेदारांनी तर एका बोटाची किंमत आणि एका साध्या टेबल सॉची किंमत शेजारी-शेजारी मांडून बघावी.

स्विचचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण वीज जाते. काप अर्ध्यात असताना वीज गेली, आपण लाकूड काढायला हात घातला आणि वीज आली, तर साधं बटण चालूच असतं आणि ब्लेड फिरू लागतं. नो-व्होल्ट स्विच असेल तर वीज परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. लाल बटण मोठं, बाहेर आलेलं, गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल अशा जागी हवं. दोन्ही हात लाकडात असताना तेच कामी येतं. दुकानात तपासायचं तर यंत्र चालू करून प्लगचं बटण बंद करा, ब्लेड थांबू द्या, पुन्हा चालू करा. यंत्र आपोआप फिरलं तर तो स्विच साधा आहे.

दोन सूत पट्टी कशी काढायची

लिपिंगची पट्टी ६ मिमी. फेन्स आणि ब्लेड यांच्यामध्ये ६ मिमी जागा, त्यातून बोट जात नाही, नेहमीची पुश स्टिकही जात नाही. बहुतेक अपघात आणि बहुतेक वाया गेलेलं लाकूड या एका कामात होतं.

सगळ्यात सुरक्षित रीत अशी की हवी असलेली पट्टी फेन्सच्या बाजूला न काढता ब्लेडच्या दुसऱ्या बाजूला काढायची. जाड फळी फेन्सला टेकलेली राहते, हाताला भरपूर जागा मिळते आणि पट्टी सुटी होऊन बाहेरच्या बाजूला पडते. यात प्रत्येक कापानंतर फेन्स सरकवावी लागते, मग सगळ्या पट्ट्या सारख्या कशा येणार? त्यासाठी टेबलात ब्लेडला समांतर असलेल्या चरात एक लाकडी तुकडा घट्ट बसवायचा, ब्लेडच्या बराच अलीकडे, आणि त्याला एक स्क्रू लावायचा. स्क्रूचं डोकं ब्लेडच्या दातापासून बरोबर ६ मिमीवर. प्रत्येक वेळी फळी त्या डोक्याला टेकवायची, फेन्स आणून फळीला भिडवायची, कुलूप लावायचं, कापायचं. हा अडसर ब्लेडच्या पुढेच हवा, शेजारी किंवा मागे नको, नाहीतर सुटी झालेली पट्टी तिथे अडकून आवळते. दातेरी फेन्स असेल तर हे काम झरझर होतं.

दुसरी अडचण ब्लेडभोवतीच्या फटीची. हलक्या यंत्रांत ब्लेडभोवतीची झाकणपट्टी पातळ पत्र्याची असते आणि तिची खाच रुंद असते. ६ मिमीची पट्टी त्या खाचेत घुसते, मोडते, कधी दातांत सापडून तिचे तुकडे उडतात. ब्लेडला चिकटून बसणारी झाकणपट्टी घरी करता येते, पण पत्रा पातळ असल्यामुळे ती टेबलाच्या पातळीत बसवणं किचकट आहे. त्यापेक्षा सोपं असं: सहा मिमी प्लायचा, टेबलाएवढा सपाट तुकडा घ्या. रिव्हिंग नाइफसाठी मागे आधीच चीर पाडून ठेवा. ब्लेड पूर्ण खाली घ्या, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने प्लाय टेबलावर बसवा, फेन्स वरून आणून ब्लेडची जागा सोडून त्याच्यावर घट्ट करा म्हणजे तो उचलणार नाही, मग यंत्र चालू करून ब्लेड सावकाश वर घ्या. ब्लेड स्वतःची चीर स्वतःच पाडतं. आता तिथे फट उरत नाही, आणि खालच्या बाजूला लाकडाचे तंतू उचकटतात तेही बंद होतं.

पट्टीची लांबी आठ फूट आहे आणि यंत्राचं टेबल दोन फूट, हेही विसरू नका. मागे आधार नसेल तर पट्टी स्वतःच्या वजनाने खाली झुकते, पुढचं टोक उचललं जातं आणि शेवटच्या फुटाला काप हुकतो. टेबलाच्या उंचीचं स्टूल आणि त्याच्यावर गुळगुळीत सनमायका लावलेली फळी पुरते. मदतनीस असेल तर त्याने फक्त खालून आधार द्यायचा, ओढायचं नाही.

ब्लेड, भुसा आणि थोडं अंगावरचं

यंत्राबरोबर येणारं ब्लेड बहुधा २४ दातांचं, ढोबळ असतं. ते फळी फाडायला ठीक आहे, पण दिसणाऱ्या कडेसाठी ४० दातांचं चांगलं कार्बाइड ब्लेड वेगळं घ्या. प्लाय आणि सनमायका जास्त असेल तर ६० दातांचं. दात जास्त म्हणून ब्लेड चांगलं, असं नाही. ८० दातांच्या ब्लेडने जाड सागवान उभं फाडलं तर भुसा बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि लाकूड करपतं. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार आंब्या-पाइनच्या लाकडापेक्षा लवकर बसते. धार लावून देणारा माणूस जवळपास कुठे आहे, ते आधी शोधून ठेवा.

कापाची जाडीही खिशाशी जोडलेली आहे. १०० मिमी रुंद सागवानी फळीतून ६ मिमीच्या पट्ट्या काढताना ३.२ मिमी कापाच्या ब्लेडने ११ निघतात, १.८ मिमी कापाच्या ब्लेडने १३. आजच्या सागवानाच्या भावात या दोन पट्ट्या लहान नाहीत. पण बारीक ब्लेड घेण्याआधी रिव्हिंग नाइफवर छापलेला आकडा वाचा. नाइफ ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि कापापेक्षा बारीक असायला हवी. काप नाइफपेक्षा बारीक झाला तर लाकूड नाइफला जाऊन अडतं, आणि अडलं की माणूस नाइफच काढून टाकतो.

लाकडाचा भुसा हा कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने पहिल्या गटात घातला आहे. रुमाल बांधून भागत नाही, एन ९५ मास्क घ्या, आणि यंत्राच्या नळीला व्हॅक्यूम जोडा. ही यंत्रं कर्कश असतात, म्हणून कानाला मफ हवेत. फ्लॅटमध्ये काम करणार असाल तर दुपारच्या वेळा टाळून शेजाऱ्यांना आधी सांगा. हातमोजे घालू नका, ब्लेड मोज्यासकट हात ओढतं. मनगटातला दोरा, राखी, कडं, लांब बाह्या, ओढणी हे सगळं आधी काढायचं किंवा आत खोचायचं.

विकत घेताना आणि घरी आणल्यावर

एकूण बजेटचा सगळा भाग यंत्रात घालू नका. चांगलं ब्लेड, मफ, मास्क, दोन पुश स्टिक, १६ अँपिअरची एक्स्टेन्शन यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात यंत्र बघा. बॉश, डिवॉल्ट, मकिता यांच्या यंत्रांचे सुटे भाग आणि दुरुस्ती मोठ्या शहरांत मिळते. अनोळखी नावाचं स्वस्त यंत्र घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: याचे कार्बन ब्रश (मोटरमधले झिजणारे तुकडे) आणि रिव्हिंग नाइफ सुटे मिळतील का? विक्रेता गुळमुळीत बोलला तर सोडून द्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी अशा ठिकाणी प्रत्यक्ष फेन्स हलवून बघता येते, आणि या खरेदीत तेच महत्त्वाचं आहे. ऑनलाइन दोन हजार स्वस्त मिळालं तरी फेन्स आधी हाताळलेली असू द्या.

वापरलेलं यंत्र मिळत असेल तर ब्लेड काढून मधला दांडा दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं आहे. ॲल्युमिनियमचं टेबल गंजत नाही, पण फेन्सचे पोलादी दांडे आणि ब्लेड वर-खाली करणारे स्क्रू कोकणच्या दमट हवेत लवकर गंज धरतात. चाक शेवटपर्यंत फिरवून बघा, दोन्हीकडे. रिव्हिंग नाइफ हरवलेली असेल आणि सुटी मिळत नसेल, तर ते यंत्र कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

घरी आणल्यावर पहिला दिवस लाकडाला हात न लावता मोजण्यात घालवा. आधी ब्लेड टेबलातल्या चराशी समांतर आहे का ते बघा, पुन्हा एकाच दाताने पुढे आणि मागे मोजून. फरक असेल तर टेबलाखालचे बोल्ट सैल करून दुरुस्त होतो. पुस्तिकेत आकृती असते. मग फेन्स त्याच चराशी जुळवा. मग गुण्या ब्लेडला लावून ९० अंश तपासा, दाताला न टेकवता पत्र्याला टेकवून. ४५ अंशांसाठी ब्लेड तिरकं करा आणि एका प्लायच्या पट्टीची उभी कड कापा. त्या पट्टीचे दोन तुकडे करून तिरप्या कडा एकमेकींना भिडवा आणि आतल्या कोपऱ्यात गुण्या लावा. एका कडेची चूक इथे दुप्पट होऊन दिसते, त्यामुळे अर्ध्या अंशाचाही फरक लपत नाही. आतल्या बाजूला फट असेल तर ब्लेड जरा उभं हवं, बाहेरच्या बाजूला असेल तर आणखी जरा तिरकं. फट मिटली की ४५ च्या थांब्याचा स्क्रू तिथेच घट्ट करा आणि त्याच्यावर मार्करने रेघ मारून ठेवा, म्हणजे यंत्र जिन्यातून वर-खाली झाल्यावर तो हलला का, ते नुसतं बघून कळतं.